पुसल्याशिवाय हात लावू नये

आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो. आमचे हे पाणीपुरवठा खात्यात अभियंता आहेत, अख्ख्या शहरात कुठली पाइपलाइन कुठे वळते ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील, पण घरातल्या नळाखाली पातेलं ठेवून ठेवून मी थकले. विषय काढला की म्हणतात, बघू रविवारी. रविवार उजाडला की चहाचा कप घेऊन गॅरेजमध्ये जातात आणि रबराच्या एका म्हाताऱ्या नळीला कापसाच्या काडीने गोंजारत बसतात. ती नळी थेंबभरही गळत नाही. तिची तेवढी हिंमतच नाही.

गॅरेजमध्ये आमचा पैलवान राहतो. पैलवान म्हणजे गाडी. दोन दारं, लांबलचक बॉनेट आणि पोटात आठ सिलिंडरचं इंजिन. सुरू केलं की आमच्या कपाटातल्या बश्या थरथरतात आणि शेजारच्या बाई खिडकी लावून घेतात. ही गाडी आतोबांची, म्हणजे ह्यांच्या आत्याच्या यजमानांची. तरुणपणी त्यांनी ती हौसेने घेतली, तेव्हा आत्यांना समजावून सांगितलं की हिला मसल कार म्हणतात, अंग बेताचं आणि ताकद अफाट. आत्या म्हणाल्या, म्हणजे पैलवान. तेव्हापासून तेच नाव पडलं.

आतोबा गेले आणि आत्या आमच्याकडे राहायला आल्या. त्यांच्याबरोबर पैलवानही आला. तो ट्रकवर चढवून आणला आणि त्याला वाटेत काही होऊ नये म्हणून हे ट्रकमध्ये बसले. आत्या आपल्या दोन बॅगा घेऊन टॅक्सीने एकट्या आल्या. मी दार उघडलं तर त्या म्हणाल्या, "मोठे पाहुणे पोचले का?" मी हसले. त्या हसत नव्हत्या, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

ह्यांना वाढवलं ते आत्यांनीच. आई-वडील दोघंही फिरतीच्या नोकरीत, त्यामुळे ह्यांचं सगळं लहानपण आत्यांच्या ओट्याखाली गेलं. आत्यांच्या बोलण्यात विचारण्याला ‘पुसणं’ म्हणतात. त्यांच्या बिस्किटांच्या डब्यावर कागद चिकटवलेला असायचा, ‘पुसल्याशिवाय हात लावू नये’. हे अजून त्या कागदाची आठवण काढतात, आणि बिस्किटं कशी चोरायचो तेही सांगतात.

आता पैलवानाच्या निगेबद्दल. मला वाटायचं, जुनी गाडी मिळाली की माणूस ती रंगवून, चकचकीत करून फिरवत असेल. तर नाही. नवा रंग लावणं म्हणजे पाप. नवा स्क्रू बसवणं म्हणजे त्याहून मोठं पाप. जे कारखान्यातून आलं ते तसंच्या तसं राहिलं पाहिजे, आणि तरी स्वच्छ दिसलं पाहिजे. त्यासाठी आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, मग शुद्ध पाण्यात जेमतेम ओलावलेलं फडकं कुठल्या तरी लपलेल्या कोपऱ्यात फिरवून बघायचं, रंग हलला नाही तरच पुढे सरकायचं. गंजाला खरवडायचं नाही, त्याच्यावर तेलाचा पातळ हात देऊन त्याला आहे तिथे थांबवायचं. ह्यांचं एक वाक्य मला पाठ झालंय. घाण दोन प्रकारची असते. कारखान्यातून आलेली तो इतिहास, आणि नंतर बसलेली ती घाण. दाराच्या आतल्या बाजूला रंगाचा एक ओघळ आहे. कुणा रंगाऱ्याचा हात त्या दिवशी जड पडला असणार. त्या ओघळाला हे मऊ ब्रशने न्हाऊ घालतात. माझ्या हातून ओट्यावर दूध सांडलं तर मात्र तो इतिहास होत नाही.

मी दातांची डॉक्टर आहे, हे लग्न जमताना ह्यांना फारसं महत्त्वाचं वाटलं नव्हतं. आता वाटतं. दातांचं कीटण काढायची माझी बारीक हत्यारं, ब्रश, पॉलिशची पेस्ट, सगळं एकेक करून दवाखान्यातून गॅरेजमध्ये बदलून गेलंय. एकदा पेशंट तोंडाचा आ करून बसलेला आणि मला बारीक आरसा सापडेना. घरी फोन केला. हे म्हणाले, जरा थांब, कार्ब्युरेटरच्या आत आहे. पेशंटने ते ऐकलं आणि तोंड मिटलं.

पण पैलवानाचा खरा दागिना वेगळाच होता. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या मागे जो उभा पत्रा दिसतो, त्याच्यावर पिवळ्या खडूने केलेली एक खूण होती. बरोबरची खूण, आणि शेपटीला एक गिरकी. कारखान्यातल्या कुणा तपासनिसाने गाडी बघितली, ठीक वाटली, खडू ओढला आणि पुढच्या गाडीकडे वळला. तो माणूस कोण, कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही. त्याचा खडू मात्र एवढी वर्षं टिकला होता. जुन्या गाड्यांच्या मंडळातले लोक आमच्याकडे येत, हे दिवे मालवत, बॅटरीचा झोत त्या पत्र्यावर तिरका टाकत आणि सगळे माना खाली घालून उभे राहत. मंडळाची मोठी स्पर्धा जवळ आली होती. त्यातला मानाचा गट ‘जशी होती तशी’, आणि त्या गटात खडूच्या खुणेवर पैलवान सगळ्यांना लोळवणार, याबद्दल ह्यांच्या मनात शंका नव्हती.

याच दिवसांत गॅरेजच्या दारावर पाटी लागली. ह्यांनी सुबक अक्षरात लिहिली होती, ‘पुसल्याशिवाय हात लावू नये’. बिस्किटांच्या डब्यावरचंच वाक्य. ह्यांना त्यात मोठी गंमत वाटली. आत्या पाटीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग आत आल्या.

आत्यांचं मागणं तसं काहीच नव्हतं. त्यांना फक्त एकदा आपल्या जागेवर बसायचं होतं, पैलवानात, चालकाच्या शेजारी. तिथे त्यांचा सगळा संसार बसून झाला होता. पण त्या सीटचं रेक्झिन जुनं, त्याला भेग पडली तर सगळं मुसळ केरात, म्हणून ह्यांनी त्यावर मलमलीची चादर घातली होती. आत्यांनी विचारलं की हे म्हणायचे, स्पर्धा होऊ दे, मग बघू. ‘बघू’ म्हणजे काय, ते मी नळापाशी शिकले होते. मी आत्यांच्या बाजूने भांडूनही पाहिलं. हे म्हणाले, तू पेशंटला नव्या दाताने लगेच सुपारी फोडायला सांगतेस का? मी म्हटलं, आत्या म्हणजे सुपारी का? त्यावर हे गॅरेजमध्ये निघून गेले.

त्या सीटसमोर, पायाखालच्या गालिच्यात, ह्यांचं एक दुखणं होतं. तिथे टाचेएवढा गोल झिजून पार दोरे निघाले होते. ब्रेक चालकाच्या पायाशी असतो, तिथे गालिचा झिजला तर समजू शकतो. शेजारच्या माणसाच्या पायाशी तर काहीच नसतं. ह्यांच्या मते याचा अर्थ एकच, गालिचा मूळचा नाही, आतोबांनी कधीतरी दुसऱ्या कुठल्या गाडीचा आणून चालकाची बाजू इकडे करून बसवला. ही गोष्ट त्यांनी हळू आवाजात मला सांगितली आणि त्या जागेवर एक छोटं पायपुसणं टाकलं. आत्यांना विचारावं असं त्यांच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

एकदा जेवताना आत्या म्हणाल्या, "त्या पैलवानाला दिवसातून चार वेळा पुसतात. मला या घरात कोणी पुसत नाही." मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना वाटलं, आत्यांनी कोटी केली. ते जोरात हसले आणि भाजी वाढायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे मंडळाच्या दोन माणसांना घेऊन आले. एक मंडळाचे सचिव, ते निवृत्त भाषाशिक्षक. दुसरे त्यांचे मेहुणे, ते फक्त मान हलवायला आले होते. दिवे मालवले, बॅटरीचा झोत पडला, माना खाली गेल्या. पत्रा लख्ख होता. इतका लख्ख की त्यात सचिवांचं नाक दिसत होतं. खुणेचा मागमूस नव्हता. ह्यांनी झोत इकडून टाकला, तिकडून टाकला, मग बॅटरीच हलवून बघितली, जणू बॅटरीतच काहीतरी बिघडलंय.

तेवढ्यात आत्या दारात आल्या. हातात ओलं फडकं. त्यांनी सरळ सांगितलं की दुपारी मी पैलवानाला भेटायला आले होते, बॉनेटची खिट्टी कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे, बॉनेट उघडलं, हात लावावासा वाटला. पण पाटी वाचली. पाटीवर लिहिलंय की पुसल्याशिवाय हात लावू नये. म्हणून आधी पुसलं, मग हात लावला.

सचिवांनी वळून पाटी वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली आणि म्हणाले की भाषेच्या दृष्टीने बघितलं तर आजींचा अर्थ पूर्ण बरोबर आहे. मेहुण्यांनी मान हलवली. असल्या वेळी शिक्षकाने गप्प बसावं, पण निवृत्त झाल्यावर त्यांना ऐकून घेणारं कोणी मिळत नाही.

त्या रात्री हे जेवले नाहीत. आत्यांवर ओरडले नाहीत, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं, असं तोंड करून बसले. मी आपली सुचवायला गेले की माझ्याकडे पिवळा खडू आहे, दवाखान्यात लहान मुलांना चित्रं काढायला ठेवलाय, शेपटीची गिरकी मला जमेल. हे ताडकन म्हणाले की पैलवानाला कवळी बसवायची नाही. आत्यांची कवळी मीच बसवलीय आणि आत्या शेजारच्या खोलीत होत्या. मी ह्यांना चिमटा काढला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी आत्यांच्या खोलीत गेले. त्या पलंगावर बसून ते फडकं घडी करत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घडी करत होत्या. मी विचारलं, आत्या, पाटीचा अर्थ तुम्हाला खरंच कळला नव्हता का?

"अगं, तो शब्दच माझा," त्या म्हणाल्या. "त्याला मीच शिकवला. मला नाही कळणार?"

मग त्यांनी सांगितलं की त्या पत्र्यावर काहीतरी पिवळं आहे एवढंच त्यांना दिसलं. ते काय आहे, कुणाचं आहे, त्यावर एवढं सगळं अडलंय, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. येणाऱ्या जाणाऱ्याला बॅटरी लावून दाखवतो, त्या मान हलवणाऱ्या मेहुण्याला दाखवतो, पण जी त्या गाडीत आयुष्यभर बसली तिला एकदाही हाक मारली नाही. पाटी बघून राग आला होता. बिस्किटांना लावायची पाटी त्याने मला लावली.

"मला पुसलं असतं," आत्या म्हणाल्या, "तर मी पुसलं नसतं."

एवढं बोलून त्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. मला त्यांची माया आली आणि ह्यांचा असा राग आला की काय सांगू. मी तडक न्हाणीघरात गेले. हे दात घासत होते. तोंडात फेस असल्यामुळे त्यांना मध्ये बोलता येईना, आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं गेलं. आत्यांचं वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं. ह्यांनी चूळ भरली, आरशात बघितलं, पुन्हा ब्रश तोंडात घातला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजच्या दारावरची पाटी काढून आत नेऊन ठेवली.

स्पर्धेला पैलवान ह्यांनी चालवत नेला. मी आणि आत्या नेहमीप्रमाणे मागून टॅक्सीने. मैदान किंचित उताराचं होतं आणि त्यावर गाड्या ओळीने उभ्या. शेजारी एक निळी गाडी होती, तिचे मालक तिला ट्रकमधून उतरवून वर चाकांना लागलेली माती पुसत होते. ह्यांनी तिच्याकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला.

परीक्षक एकच, त्यांना सगळे भिंगवाले म्हणत. गळ्यात दोरीने भिंग अडकवलेलं, आणि गुडघ्यांवर शिवलेले गादीचे दोन तुकडे, कारण त्यांचा बहुतेक वेळ गुडघ्यांवरच जाई. ते आल्या आल्या बॉनेटकडे वळले. खुणेची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी वाकून पत्रा बघितला, भिंगातून बघितला, मग ह्यांच्याकडे बघितलं. आत्या माझ्या मागे सरकल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

भिंगवाल्यांनी विचारलं की खूण होती ना इथे, कोणी पुसली?

आता ह्यांना सांगता आलं असतं, म्हातारं माणूस आहे, नकळत झालं. खडू होता, उडून गेला, असंही चाललं असतं.

"चूक माझी," ते म्हणाले. "मी पुसलं नाही, म्हणून पुसलं गेलं."

भिंगवाल्यांना काही समजलं नाही. त्यांनी ते वाक्य तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून बघितलं आणि नाद सोडून दिला. माझ्या मनगटावरची पकड मात्र सैल झाली.

मग ते आत शिरले. ओघळ आवडला, नळी आवडली, माझ्या पॉलिशच्या पेस्टने उजळलेली क्रोमची पट्टी तर फारच आवडली. शेवटी त्यांनी ते छोटं पायपुसणं उचललं. खाली तो झिजलेला गोल. भिंगवाल्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी तेच म्हटलं जे ह्यांना इतके दिवस वाटत होतं. इथे पायाला काही काम नाही, मग झिजलं कसं? गालिचा दुसऱ्या गाडीचा दिसतो. तसं असेल तर गाडी या गटातून बाद.

हे एकदम वळले आणि सगळ्या गर्दीतून आत्यांकडे आले. मला वाटलं, आता मात्र बोलणार काहीतरी वेडंवाकडं.

"आत्या," हे म्हणाले, "तुला पुसायचं राहिलंच. हे असं कशाने झालं?"

आत्यांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. लहानपणी बिस्किट मागायला आल्यावर बघत असतील, तसं. मग त्या म्हणाल्या की सांगून नाही कळायचं, बसावं लागेल.

ह्यांनी चादर स्वतःच्या हाताने काढली. आत्यांनी वाकून, डोकं सांभाळून, एक पाय आत, मग दुसरा, अशा त्या आपल्या जागी बसल्या. रेक्झिन कुरकुरलं, पण भेग पडली नाही. सीटमधला खळगा आत्यांना इतका अचूक बसला की भिंगवाल्यांनी तिथेच काहीतरी टिपून घेतलं. दार ओढून घेतल्यावर आत्यांचा कोपर दाराच्या आतल्या कडेवर टेकला, तिथला रंग गुळगुळीत झाला होता तो का, ते मला आत्ता कळलं. आत्या म्हणाल्या, आता गाडी हलव.

हे चालकाच्या जागी बसले. भिंगवाले आत्यांच्या बाजूचं दार पुन्हा उघडून गुडघ्यांवर बसले आणि झिजलेल्या गोलावर भिंग धरलं. ह्यांनी हँडब्रेक सोडला. उतारावर पैलवान जेमतेम वीतभर पुढे सरकला असेल, तोच आत्यांचा उजवा पाय उचलला गेला आणि खाडकन त्या गोलावर आपटला. मधे भिंग होतं. भिंगाखाली भिंगवाल्यांची बोटं होती.

भिंगवाल्यांनी जो आवाज काढला तो आठ सिलिंडरच्या तोडीचा होता. हे घाबरून हँडब्रेक ओढू लागले, निळ्या गाडीचे मालक पाणी घेऊन धावले, मी बोटं तपासली. दात असते तर जास्त काही करता आलं असतं. आत्या शांतपणे म्हणाल्या की आपल्याकडचे पुरुष गाडी वेगाने चालवतात, शेजारच्या बाईला ब्रेक लागतोच. आतोबांबरोबर त्यांनी प्रत्येक वळणावर, प्रत्येक उतारावर तो दाबला होता.

भिंगवाले बोटं फुंकत उभे होते. मग त्यांचं तोंड हळूहळू उजळलं. ते पुन्हा गुडघ्यांवर बसले, या वेळी हात मागे बांधून, आणि म्हणाले, "आजी, पुन्हा एकदा."

आत्यांनी चार-पाच वेळा दाबून दाखवला. पाय दर वेळी तिथेच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. गर्दी जमली. मान हलवणारे मेहुणे सगळ्यात पुढे होते. आत्या म्हणाल्या की माझे दात बदलले, डोळ्यांतली भिंगं बदलली, एक गुडघाही नवा आहे, मी काही जशी होते तशी राहिले नाही. भिंगवाल्यांनी विचारलं, ब्रेकचा गुडघा कुठला? आत्यांनी उजव्यावर थाप मारली. तो मूळचा होता.

पहिला नंबर निळ्या गाडीला गेला. खडूची खूण नव्हती त्याचे गुण गेले ते गेलेच. पैलवान दुसरा आला, आणि भिंगवाल्यांनी निकाल वाचताना सांगितलं की गालिचा निःसंशय मूळचा आहे, असा भक्कम पुरावा त्यांच्या बोटांनी याआधी अनुभवला नव्हता. मला वाटलं, हे हिरमुसतील. ह्यांचं लक्ष निकालाकडे नव्हतंच. ते मलमलीच्या चादरीची घडी करत होते.

परत जाताना मी टॅक्सी बघायला लागले तर ह्यांनी मागचं दार नसलेल्या त्या गाडीत मला पुढची सीट वाकवून मागे कोंबलं, कापसाच्या काड्यांच्या डब्याशेजारी. पुढे आत्या. निघण्याआधी हे म्हणाले, "आत्या, निघू का?" आत्यांनी पदर सावरला, आरशात बघितलं, त्यांना मुद्दाम थोडं थांबवलं आणि मग हो म्हणाल्या.

मैदानाबाहेर पहिलंच वळण आलं. पैलवान जोरात होता. आत्यांचा पाय उचलला गेला आणि खाली आला. त्याच वेळी गाडी अलगद हळू झाली, वळली आणि सरळ झाली. आत्यांनी एकदा आपल्या पायाकडे बघितलं, एकदा ह्यांच्या. आत्यांचा पाय पडला की आतोबाही असाच ब्रेक दाबत असणार.

"लागतो की रे अजून," त्या म्हणाल्या.

"लागणारच," रस्त्यावरची नजर न काढता हे म्हणाले. "मूळचा आहे."